साखळी ३४०चा उमाळा

डेल्फ्ट,
१४ मे २०२१

आदरणीय दादास,

सविनय जय भीम.

आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत, तुम्ही सगळे खुशाल असाल अशी आशा करतो.

एवढं लिहून थांबलो. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी खुशाली विचारतोय. पण पत्राची ही सुरुवात त्यांनीच घोटवून घेतलेली, ती बदलायला हात धजत नाही.

तू फोन उचलत नाहीस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनीने फोन लावून टेबलावर ठेवला, त्यामुळे मला भन्तेजींचा आवाज ऐकू आला. दिसला मात्र फक्त छताचा पंखा. दीड तास मी पंख्याकडे बघून वंदना म्हटली. कुणी फोन उभा केला असता तर बरं झालं असतं, पण असो, तक्रार करायला लिहीत नाहीये. हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो वहिनीच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय. माझा मेसेज तू उघडणार नाहीस, पण माझं अक्षर समोर आलं तर वाचशील असं वाटलं.

काम आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कामाशिवाय याला आठवण होत नाही, असं म्हणायला तू मोकळा.

माझं इथलं कंत्राट ३१ ऑगस्टला संपतंय. युनिव्हर्सिटीने पुढे वाढवायला नकार दिला, कोरोनामुळे सगळ्यांच्याच हातात नारळ दिलाय. नोकरी गेली की काही महिन्यांत इथला परवानाही जातो. म्हणून मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत अर्ज केला होता, हे तुझ्या कानावर घातलं होतं. मिसिसिपीच्या काठावर मातीचे शेकडो मैल बंधारे आहेत. त्यांच्यावर काम करणारा एक गट माझी वाट बघतोय.

नेहमीच्या रीतीने तिथे कायमचं राहायचं तर मालकाने तुमच्यासाठी अर्ज करायचा आणि सरकारला पटवायचं की या कामाला अमेरिकेतला माणूस मिळत नाही. त्यात वर्षं जातात. या अटीतून सूट मागता येते. पण मग स्वतः सिद्ध करावं लागतं की तुमचं काम त्या देशासाठी राष्ट्रीय महत्त्वाचं आहे. तुमच्या एकट्याच्या पोटापाण्याचं नाही, एका गावाचं नाही, राष्ट्राचं. भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब असते, पण संपदाचा जन्म मस्कतचा, त्यामुळे आम्हाला तिच्या रांगेत उभं राहता येतं. सासरेबुवांच्या मस्कतच्या नोकरीचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

तर त्या अर्जाला एप्रिलमध्ये उत्तर आलं. नकार नाही, पण त्याच्या वाटेवरचं. राष्ट्रीय महत्त्व सिद्ध होत नाही, आणखी पुरावा द्या, २५ जूनच्या आत. आणि त्या पत्रातला एक परिच्छेद बाबांबद्दल आहे.

माझ्या कामाचा कणा म्हणजे बाबांच्या वह्या, हे तुला माहीत आहे. धामणखेड धरणाच्या चौकीदाराने १९९४ ते २०१६, बावीस वर्षं, भिंतीच्या पायथ्याशी साखळी-साखळीने अंतर मोजत रोज केलेल्या नोंदी. धरण भरलं की भिंतीच्या कोरड्या बाजूला जमिनीतून पाणी उसळून वर येतं. नितळ आलं तर काळजी नाही. वाळू घेऊन आलं तर धरण आतून पोखरलं जातंय असं समजायचं. पंधरा मिनिटं उभं राहून बघायचं, कारण वाळू लगेच दिसत नाही. मग दगड रचून त्याभोवती झाडाला करतात तसं आळं करायचं. पाणी कोंडायचं नाही, माती जाऊ द्यायची नाही. हे सगळं मी इथे गणितात मांडलं. यंत्रं परवडत नाहीत तिथे नुसत्या डोळ्याने पाहणी करून धोका आधी कसा ओळखायचा, हे माझं संशोधन. इथल्या लोकांनी ते ऐकून ‘लेउक’ म्हटलं. लेउक म्हणजे छान. इथे कशालाही लेउक म्हणतात.

या उसळत्या पाण्याला बाबा काय म्हणायचे? उमाळा. अकराच्या अकरा वह्यांत हाच शब्द आहे. ‘साखळी ३४० येथे उमाळा आला. गढूळ नाही. पंधरा मिनिटे उभा राहिलो.’

इंग्रजी भाषांतर मी झूटरमेरच्या दिलीपरावांकडून करून घेतलं. अधिकृत भाषांतरकार, शिक्का आहे, जन्म सदाशिव पेठेतला. त्यांनी उमाळ्याचं भाषांतर केलं ‘सर्ज ऑफ इमोशन’. भावना दाटून येणे. सगळीकडे. म्हणजे अमेरिकेच्या साहेबाने असं वाचलं की धामणखेडचा चौकीदार बावीस वर्षं रोज सकाळी सहा वाजता भिंतीपाशी जायचा, त्याला भरून यायचं आणि तो पंधरा मिनिटं उभा राहायचा. साहेबाने लिहिलंय की हा पुरावा म्हणजे अर्जदाराच्या वडिलांची भावनिक रोजनिशी दिसते, तिचा राष्ट्रीय हिताशी संबंध कळत नाही. दिलीपरावांना मी फोनवर नको ते बोललो. ते म्हणाले, शब्दकोशात हाच अर्थ आधी दिलाय.

आता माझी अमेरिकेतली वकील, सुचित्राबाई म्हणून आहेत, त्यांचं म्हणणं असं की खात्यातल्या जाणकार माणसाने प्रतिज्ञापत्र द्यावं. नातेवाईक असला तरी हरकत नाही, पण पाटबंधारे खात्यात नोकरीला हवा. तू कालवा निरीक्षक आहेस. मसुदा सोबत जोडलाय. त्यात एवढंच आहे की या वह्या माझ्या वडिलांच्या हातच्या आहेत, आणि त्यांत ‘उमाळा’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र जमिनीतून उसळून येणारे पाणी असा आहे. नोटरीपुढे सही करून कुरिअरने अमेरिकेला पाठवायचंय. १८ जूनपर्यंत पोचलं पाहिजे.

विमानं बंद होती हे तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल पुन्हा लिहीत नाही.

वहिनींना जय भीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अश्वजित


डेल्फ्ट,
१ जून २०२१

आदरणीय दादास,

सविनय जय भीम.

वहिनीने मसुद्याचा फोटो पाठवला. माझ्या सुबक टाइप केलेल्या कागदावर ‘सर्वत्र’ या शब्दाला लाल शाईने गोल आणि बाजूला तुझ्या अक्षरात एक ओळ: ‘सर्वत्र नाही. एका जागी हा अर्थ नाही. ती जागा शोध, मग सही करतो.’

अठरा दिवसांनी आलेलं उत्तर, आणि त्यात एकूण तेरा शब्द. मोजले मी.

खरं सांगू, वाचून माझं डोकं फिरलं. इथे माझ्या गळ्याशी आलंय आणि तू मला शाळेतल्यासारखा गृहपाठ देतोस. जागा माहीत आहे तर तारीख लिहून टाकायची. अकरा वह्या आहेत, आठ हजारांवर नोंदी. सुचित्राबाईंना सांगितलं तर त्याही वैतागल्या. म्हणाल्या, तुमच्या भावाला ‘बहुतेक ठिकाणी’ असं घालून चालेल का विचारा. मी म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही.

मग बसलो वाचायला. आणि दादा, एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. या वह्या मी कधी वाचल्याच नव्हत्या.

२०१७च्या जानेवारीत मी त्या घेऊन आलो. स्कॅन करून तीन महिन्यांत परत देतो म्हणालो होतो. बाबा नुसतं बरं म्हणाले होते आणि कपडे ठेवायच्या ट्रंकेतून काढून, पुसून, एकेक करून माझ्या हातात दिल्या होत्या. त्या अजून माझ्याकडेच आहेत. प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: दिनांक, वेळ, पाणीपातळी, गळती, शेरा. मी पहिले चार उतरवून घेतले, कारण त्यांत आकडे होते. शेऱ्याच्या रकान्यातून फक्त उमाळा आला की नाही आला, एवढी खूण काढून घेतली. तीही मी नाही, एका डच विद्यार्थ्याला त्या शब्दाचा आकार ओळखायला शिकवला आणि त्याने केलं. दिलीपरावांनी चूक केली खरी, पण निदान त्यांनी सगळं वाचलं तरी होतं. भाषांतर तपासून मी सही केली होती. न वाचता.

आता रोज पहाटे उठून वाचतो. घरात दुसरी जागा नाही म्हणून न्हाणीघराबाहेर कपडे धुण्याच्या मशीनवर वही ठेवून उभ्यानेच. शेऱ्यात काय काय आहे बघ. ‘उपअभियंता साहेब आले. भिंतीवर चढले नाहीत.’ ‘साखळी २१० येथे घोणस. मारली नाही, हाकलली.’ ‘साखळी ३४० चे आळे कोणीतरी मोडले. पुन्हा केले.’ तुझ्या लग्नाच्या दिवशी: ‘सकाळी सहा वाजता पाहणी करून मुलाच्या लग्नास गेलो. दुपारी चार वाजता पुन्हा पाहणी.’ तुझी वरात निघाली तेव्हा नवऱ्या मुलाचा बाप कुठे गेला म्हणून मामांनी केवढा तमाशा केला होता. ते भिंतीवर होते.

आपल्या घराबद्दल याहून जास्त काही नाही. आई गेली तेव्हा तीन दिवस रजा, चौथ्या दिवशी पाहणी, त्यात तीन दिवसांच्या नोंदी नसल्याबद्दल दिलगिरी. कुणाकडे दिलगिरी व्यक्त केली त्यांनी? ती वही वर्षातून एकदा कोणी उघडून बघत असेल तर शप्पथ.

मी २००९पर्यंत पोचलोय. आतापर्यंत उमाळा म्हणजे पाणीच आहे. तू मला उगाच पळवत तर नाहीस ना, अशी शंका दोनदा येऊन गेली. पण तू तसला नाहीस. पळवणं, हूल देणं हा माझा प्रांत.

आणखी एक. माझ्या छापील निबंधात मी या नोंदींबद्दल ‘स्थानिक कर्मचाऱ्यांनी ठेवलेली नोंदवही’ असं लिहिलंय. बाबांचं नाव नाही. तेव्हा वाटलं होतं, वडिलांचं नाव घातलं तर घरगुती वाटेल. अर्जात तर वकिलांच्या सांगण्यावरून ‘अर्जदाराने संकलित केलेली’ असं आहे. संकलित म्हणजे ट्रंकेतून उचलून आणलेली.

वहिनीने फोटोखाली लिहिलं होतं की मनोहरकाकांचा अजित त्याच्या आईसाठी २८ एप्रिलला फ्रँकफुर्टहून आला होता. अजितचं वेगळं आहे. त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे, त्याला परत जायची चिंता नव्हती.

शर्वरी बरी आहे. मराठी सगळी समजते, उत्तर डचमध्ये देते. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून विचारते की ओपा, म्हणजे आजोबा, अजून दवाखान्यात आहेत का. संपदा काहीतरी सांगून वेळ मारून नेते. मी नेत नाही, मी खोलीतून निघून जातो.

तुझा,
अशू


डेल्फ्ट,
९ जून २०२१

दादा,

जय भीम.

सापडलं.

दहावी वही, ३ जून २०१४. मी घर सोडलं तो दिवस. जागा तू मला तारखेसकट का सांगितली नाहीस ते आता कळलं. तू तारीख दिली असतीस तर मी तेवढं एक पान उघडलं असतं, दुरुस्ती केली असती आणि वही मिटली असती.

तू ती नोंद पाहिली असशील, पण मला लिहून काढायची आहे. ‘३ जून २०१४. सकाळी ६. पाणीपातळी: मृतसाठ्याच्या खाली. गळती: निरंक. शेरा: साखळी ३४० येथे उमाळा आला. गढूळ नाही. पंधरा मिनिटे उभा राहिलो.’

मृतसाठ्याच्या खाली. धरणात चूळ भरायला पाणी नव्हतं त्या वर्षी, पावसाचा पत्ता नव्हता. जमिनीतून उसळून यायला थेंबसुद्धा नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच दोन रकाने अलीकडे लिहून ठेवलंय. मी मशीनपाशी उभा होतो. खाली बसलो. संपदा उठून आली, तिला वाटलं माझीच तब्येत बिघडली. तिला मी नुसतं बोट ठेवून दाखवलं.

तुला आठवतं का, त्या दिवशी मी किती चिडलो होतो? घरातून पहिल्यांदाच कुणी परदेशी चाललंय, सगळी आळी स्टँडवर आलीय, गळ्यात हार पडतायत, आणि बाप म्हणतो पाहणी आहे. मी एसटीत चढताना तुला म्हणालो होतो की कोरड्या धरणाची कसली पाहणी. सात वर्षं मी ते मनात धरून ठेवलं. इथे कुणी वडिलांबद्दल विचारलं की मी गमतीने सांगायचो की ते मला सोडायला आले नाहीत, त्यांची धरणाशी अपॉइंटमेंट होती. सगळे हसायचे. मला सोडून तू तिकडून सायकलने धरणावर गेला असशील. तू त्यांना तिथे उभं असलेलं पाहिलंस, म्हणून तुला ठाऊक. आणि सात वर्षं तूही बोलला नाहीस. आपल्या घरातली ही पद्धतच म्हणायची.

त्यांच्याकडे त्या गोष्टीसाठी दुसरा शब्द नव्हता, दादा. दुसरा रकानाही नव्हता. गढूळ नाही, असं लिहायची सवय होती, म्हणून तेही लिहिलं.

सुचित्राबाईंशी सोमवारी बोललो. त्यांनी लगेच अडचण ओळखली. त्या हुशार आहेत, त्यांचा राग नाही मला. म्हणाल्या, सगळीकडे ‘उसळते पाणी’ केलं तर या पानावर जाणकार माणूस बोट ठेवणार, की कोरड्या धरणात पाणी उसळतं कसं, आणि मग बावीस वर्षांच्या नोंदी खोट्या ठरणार. ते पान गाळलं तर सलग नोंदी हा आपला मुख्य मुद्दाच जातो. तिसरा मार्ग त्यांनी सुचवला, की त्या एका नोंदीत ‘लेखनदोष’ अशी टीप द्यावी.

मी नाही म्हटलं. बावीस वर्षांत त्या माणसाने दोष ठेवला नाही आणि एकदा मनातलं लिहिलं तर मी त्याला लेखनदोष म्हणू? मी त्यांना म्हणालो की गळतीच्या रकान्यात बघा, निरंक लिहिलंय. भरून आलेलं असतानाही त्यांनी गळतीचा खोटा आकडा टाकला नाही. या नोंदींवर विश्वास का ठेवायचा याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेबाला हे पटेल याची खात्री मी देऊ शकत नाही. यावर अर्ज बुडालाच तर ती जबाबदारी तुमची.”

माझीच आहे.

तर नवा मसुदा पाठवतोय. त्यात ‘सर्वत्र’च्या जागी ‘दिनांक ३ जून २०१४ ची नोंद वगळता’ असं आहे, आणि त्या नोंदीपुढे दिलीपरावांचंच भाषांतर कायम ठेवलंय. त्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, म्हणजे माझं एक तरी बरोबर निघालं. ‘अर्जदाराने संकलित केलेली’ हे काढलं. आता तिथे बाबांचं पूर्ण नाव आहे, हुद्दा चौकीदार, वर्ग चार, आणि पाहणी करणारे म्हणून फक्त तेच. निबंधातही दुरुस्ती छापायला संपादकांना लिहिलंय. याने माझी बाजू लंगडी होते असं सुचित्राबाईंचं मत आहे. होऊ दे.

तू म्हणाला होतास, जागा सापडली की सही करतो. सापडली. तू शब्दाचा पक्का आहेस, नोटरीकडे जाशील. म्हणूनच त्याआधी हे लिहायला हवं. सही होऊन कागद अमेरिकेला पोचल्यावरही मला हे सांगता आलं असतं, आणि कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

२५ एप्रिल, रविवार. संध्याकाळी तुझा फोन आला. तू कधी माझ्याकडे काही मागितलं नाहीस, त्या दिवशी एकच शब्द म्हणालास, “ये.” मी म्हणालो, “विमानं बंद आहेत, दादा.”

तेव्हा माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर २७ तारखेचं फ्रँकफुर्टमार्गे मुंबईचं तिकीट होतं. सीट निवडून झाली होती. दुसऱ्या दिवसापासून बंद होणार होती ती भारतातून इकडे येणारी विमानं. इकडून तिकडे जायला विमान होतं. अजित ज्याने आला तेच ते असेल.

मी असा विचार केला की गेलो तर महिना-दोन महिने अडकेन. अमेरिकेचं पत्र नुकतंच आलं होतं, त्याचं उत्तर, त्यावरच्या सह्या, इथल्या प्रयोगाची शेवटची चाचणी, सगळं बोंबलेल. बाबा पासष्टचे असले तरी काटक आहेत, ऑक्सिजन मिळालाय, आठ दिवसांत घरी येतील. मग सगळं मार्गी लावून ऑगस्टमध्ये निवांत जाऊ. एवढं सगळं मी तू “ये” म्हटल्यापासून माझं उत्तर येईपर्यंतच्या वेळात ठरवलं. म्हणजे ते आधीच ठरलेलं असणार. फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटला.

२८ तारखेला इथली संचारबंदी उठली, हॉटेलांच्या बाहेर बसायला परवानगी मिळाली. मी शर्वरीला सायकलवर पुढे बसवून बाजारात गेलो होतो. लोक हसत होते, बिअर पीत होते. तिने आइस्क्रीम मागितलं, मीही खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीचा फोन आला.

तू एकट्याने ते प्लास्टिकचे कपडे चढवून त्यांना नेलंस. मी सगळ्यांना सांगितलं की विमानं बंद होती. संपदाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, शेजारच्या डच आजीबाईंना सांगितलं, त्या रडल्यासुद्धा माझ्यासाठी. तुला पत्रातही पुन्हा लिहिलं. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आता मला दिसतंय. फोन टेबलावर उताणा ठेवला तो वहिनीने नव्हे, तूच. बरोबर केलंस.

ते मला सोडायला आले नाहीत म्हणून मी सात वर्षं रुसलो होतो. ते निदान साखळी ३४०वर उभे होते.

सही करायची की नाही ते तू ठरव. नाही केलीस तर मी सुचित्राबाईंना सांगेन की साक्षीदार मिळाला नाही, आणि कारण विचारलं तर कारणही सांगेन. अर्ज गेला तर गेला. काहीही झालं तरी वह्या तुझ्याकडे येतील. त्या कुरिअरने पाठवणार नाही, मीच घेऊन येतोय, भारतातून इकडे येणारी विमानं या महिन्यात पुन्हा सुरू झाली आहेत. २५ जूनचं उत्तर तिकडे पोचलं की मी २७ जूनला निघतोय, तिकीट काढलंय. त्याचा फोटो शेवटच्या पानाखाली आहे. तो खोटा नाही हे मला आता वेगळं सांगावं लागतंय, ही माझीच कमाई. घरात घ्यायचं की नाही तेही तूच ठरव. नाही घेतलंस तर वह्या वहिनीकडे देऊन धरणावर जाईन. पाऊस लागलेला असला तर पायथ्याशी पाणी येऊ लागलं असेल. पंधरा मिनिटं उभा राहीन. गढूळ आहे की नाही ते बघून घेईन.

सविनय जय भीम.

विमान असून न आलेला,
अशू